धोंडू माळ्याचा सुंभ

फार फार पूर्वी समुद्राकाठी एक लहानसं राज्य होतं. तिथे बरणीतल्या मिठाला पाणी सुटायचं आणि वाळत घातलेलं धोतर दुसऱ्या दिवशीही हाताला ओलसर लागायचं. ऊन तर असं की दुपारी अंगणात अनवाणी उतरायची कुणाची छाती नव्हती.

राजवाड्याच्या बागेची निगा एक माळी राखायचा. आईबापांनी त्याचं नाव ठेवलं होतं धोंडू, पण धोंड्यासारखा एका जागी बसेल तर शपथ. सकाळी रोप लावलं की संध्याकाळी उकरून बघायचा, मूळ धरलं का. घरी भात शिजत असला की चार वेळा झाकण उचलायचा. त्याची बायको गोदा म्हणायची, देवाने यांना हात दिले, पण ते ठेवायला जागा द्यायचं विसरला. माणूस वाईट नव्हता हो. उलट फार जीव लावणारा होता, आणि तीच तर पंचाईत होती.

एका वर्षी राजाच्या आईचे पाय अधू झाले. वैद्यांनी सांगितलं की आईसाहेबांनी रोज सकाळी दवातल्या गवतावर अनवाणी चालावं, पायांत पुन्हा बळ येईल. राजाने कधीकाळी दूरच्या डोंगरी मुलखात मऊमऊ गवत पाहिलं होतं. ते त्याने मातीसकट बैलगाड्या भरून आणवलं आणि धोंडूला वाड्यापुढचं अंगण दाखवलं.

"पाडव्याच्या सकाळी आईसाहेब इथे पहिलं पाऊल टाकतील," राजा म्हणाला. "तोवर हिरवळ झाली नाही, तर मी इथे फरशी घालीन. आणि फरशीला माळी लागत नाही."

धोंडूचा आजा या बागेत राबला होता, बापाने इथलं झाड न् झाड वाढवलं होतं, आणि कोपऱ्यातल्या खोपटाखेरीज त्याला घर ठाऊक नव्हतं.

तेव्हा दिवाळी नुकतीच सरली होती. धोंडूने गवत लावलं आणि त्या दिवसापासून त्याच्या जिवाला स्वस्थता म्हणून उरली नाही. सकाळी झारी, दुपारी झारी, दिवेलागणीला पुन्हा झारी. गवत मखमलीसारखं दिसावं म्हणून रोज ते अगदी बुडापर्यंत कापायचं. मधूनच एखादा गड्डा उचलून खाली बघायचं, मग घाईघाईने दाबून बसवायचा, आणि दहा पावलं गेल्यावर वाटायचं की नीट बसला नाही, की पुन्हा मागे.

थंडीच्या चार दिवसांत गवत तरारलं. पण पौष सरत आला, हवा तापू लागली, आणि गवतावर पिवळे डाग दिसू लागले. धोंडूला वाटलं, तहान लागली असेल. त्याने पाणी वाढवलं, तर डागही वाढले. मग वाटलं, भूक लागली असेल. त्याने खत ओतलं. तिसऱ्या सकाळी गवतावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी पसरली होती. संध्याकाळच्या पाण्याने गवत रात्रभर ओलं राहायचं आणि त्या दमट हवेत बुडातून कुजत होतं.

भरीस भर म्हणून मध्येमध्ये हरळी डोकं वर काढायची. हरळी म्हणजे माळ्याची सात जन्मांची वैरीण. एकदा वाफ्यात शिरली की निघता निघत नाही. धोंडू खुरपं घेऊन तिच्यावर तुटून पडायचा आणि पाट्या भरभरून भिंतीपलीकडच्या उतारावर फेकून द्यायचा. निदान तेवढं एक काम तरी आपल्या हातून धड होतंय, असं त्याला वाटायचं.

माघातली गणेशचतुर्थी आली. गोदा पूजेची तयारी करत होती. धोंडू दारातून आत, आतून दारात अशा येरझारा घालत होता. तिने दूर्वा आणायला सांगितल्या तसा तो वैतागला. इथे माझं घर जायची वेळ आली आणि दूर्वा कुठे शोधत फिरू, म्हणाला.

गोदाने देवापुढचं तबक त्याच्यासमोर धरलं. त्यात एकवीस दूर्वांची जुडी होती, हिरवीगार, टवटवीत.

"भिंतीपलीकडून आणल्या," ती म्हणाली. "तुम्ही फेकता ती हरळी. मी वेचते ती दूर्वा."

आता हे धोंडूला माहीत नव्हतं का? माळ्याच्या पोराला ते शिकवावं लागत नाही. पण खुरपं हातात असलं की तो हरळी म्हणायचा आणि देवासमोर बसला की दूर्वा, आणि ही दोन नावं उभ्या जन्मात त्याच्या डोक्यात एकमेकांना भेटली नव्हती. माहीत असणं वेगळं आणि ध्यानात येणं वेगळं.

तो तसाच उठून भिंतीपलीकडे गेला. त्या उतारावर कुणी कधी थेंबभर पाणी घातलं नव्हतं. वर ऊन, खाली मुरूम, आणि त्यावर फेकलेली हरळी हातपाय पसरून नांदत होती. त्याने एक रोप खणलं. हात कोपरापर्यंत खाली गेला तरी मूळ संपेना. परत येऊन त्याने डोंगरी गवताचा गड्डा उचलला. त्याची मुळं बोटभरसुद्धा नव्हती. दिवसातून तीनदा घोट घोट पाणी मिळत होतं, तर खाली उतरायचे कष्ट ती कशाला घेतील? ती वरच बसून झारीची वाट बघत होती. धोंडूला रडूच आलं.

त्याच दिवशी त्याने कुजलेलं गवत काढलं, जमीन मोकळी केली आणि हरळीच्या कांड्या ओळीने लावल्या. रुजेपर्यंत त्यांना बेताने ओल दिली. पुढे चार दिवसांनी एकदा, तेही पहाटे, जमीन पोटभर भिजवायची, म्हणजे उन्हाबरोबर पाती सुकतील आणि मुळं पाण्यामागे खाली जातील. कापायचं तेही वरवर, बोटभर पाती राखून.

एवढं ठरलं खरं, पण मधले तीन दिवस काढायचे कसे? दुसऱ्याच दिवशी दुपारी गोदाला तो एक कांडी उपटून बघताना सापडला.

"अहो, मूल झोपेपर्यंत पाळणा हलवायचा," ती म्हणाली. "तुम्ही झोपलेल्या मुलाला उठवून विचारता, झोप लागली का म्हणून."

तिने त्याला ओट्यावर बसवलं आणि नारळाच्या काथ्याचा ढीग पुढ्यात टाकला. गवताला हात लावावासा वाटला की सुंभ वळायचा, असं ठरलं. धोंडू वळू लागला. पाणी घालू का, असं वाटलं की वीतभर सुंभ. थोडं खत टाकू का, आणखी हातभर. कधी तो अर्धा उठायचा, पुन्हा बसायचा. पाडवा जवळ येत होता, बोटं सोलवटली होती, आणि ओट्यावर सुंभाचं वेटोळं गुडघ्याच्या वर गेलं होतं. इकडे हरळी जमिनीला बिलगून कांडीकांडीने पुढे सरकत होती आणि ओळी एकमेकींना मिळत होत्या.

पाडवा उजाडला. वाड्यावर गुढी उभी राहिली. आईसाहेबांना दोघी दासींनी धरून अंगणात आणलं. मागून राजा आणि कारभारी आले. पुढे एक टोक ते दुसरं टोक हिरवं होतं आणि त्यावर दव चमकत होतं.

कारभाऱ्याने वाकून एक काडी तोडली आणि नाक मुरडलं. महाराजांनी डोंगरी गवत आणवलं आणि या माळ्याने हरळी लावली, शेतकरी जी उपटून फेकतो ती, असं त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. राजाचा चेहरा कठोर झाला.

तेवढ्यात आईसाहेबांनी ती काडी मागून घेतली. डोळ्यांजवळ नेऊन निरखली आणि कपाळाला लावली. "ही तर दूर्वा," त्या म्हणाल्या. "हिच्यावर पाऊल कसं ठेवू?"

कारभाऱ्याला ती फार हलकी, आईसाहेबांना फार वरची. दोन्हीकडून फरशीच येणार होती. धोंडूने हात पाठीमागे धरले.

"आईसाहेब," तो म्हणाला, "डोक्यावर वाहिली की आपण तिला दूर्वा म्हणतो, पायाखाली आली की हरळी. तिला स्वतःला दोन्ही नावं ठाऊक नाहीत. तिला या मातीत जगणं तेवढं ठाऊक आहे."

म्हातारीने वाकून त्या गवताला नमस्कार केला आणि पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्या पावलाला तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि ते पाहून राजाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय घातलंस रे याला?" राजाने विचारलं.

धोंडूने ओट्यावरच्या वेटोळ्याकडे बोट दाखवलं. "जे घातलं नाही, महाराज, ते सगळं तिथे आहे."

गोदाने मग सारी हकिगत सांगितली. राजा पोटभर हसला, आणि हसता हसता थांबला. त्याच दिवशी त्याने हिरवळीच्या कडेने खुंट ठोकवले आणि तो सुंभ त्यांना बांधवला. आईसाहेब रोज सकाळी त्याला धरून चालू लागल्या. आषाढ लागेपर्यंत त्यांनी सुंभ सोडला आणि त्या मोकळ्या हातांनी चालू लागल्या.

कारभाऱ्याने मागवून ठेवलेली फरशी धोंडूच्या खोपटात घातली गेली. धोंडूचा स्वभाव बदलला का म्हणाल, तर मुळीच नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्याची बोटं तशीच वळवळायची, फक्त आता ती आधी काथ्या शोधायची.

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, तुम्ही तर नक्कीच, एवढं ध्यानात ठेवा: लावणं हातांचं काम, वाढणं मुळांचं, आपलं काम झालं की हात आवरावा.