ठकूबाईच्या वर्गाची परीक्षा

शांतवनबाबा आमच्या हिवरटेकला वर्षातून एकदा येत, कापणीच्या सणाला. अंगात काव लावलेली कफनी, पाय अनवाणी, खांद्याला झोळी आणि झोळीत मराठी नवा करार, एवढाच त्यांचा संसार. घोड्यावर बसून येणारे साहेब लोकांनी पाहिले होते. पण पायी येऊन आपल्याच ताटातली भाकर मोडून खाणारा ख्रिस्ताचा साधू त्यांना नवा होता. ख्रिस्ती वस्तीतले लोक त्यांना बाबा म्हणत, गावातले इतर लोक महाराज म्हणत, आणि बाबा दोघांनाही सारखीच ओ देत. वस्तीतल्या प्रार्थनामंदिराच्या अंगणातल्या चिंचेखाली ते उतरत. कोणाच्या मनात काय सलतं आहे हे त्यांना न सांगता कळत असे, म्हणून मनात काही असणारे लोक त्यांच्या समोर बसायचं टाळत.

आता सांगतो ती गोष्ट मला लाजेनंच सांगावी लागते. तिच्यात ज्यांचा ताठा उतरला ते शलमोन मास्तर माझ्या आईचे आजोबा. पण आमच्या घराने ही गोष्ट कधी झाकून ठेवली नाही. शब्बाथ शाळेतल्या लेकरांना ती दर वर्षी आमच्यापैकीच कोणीतरी सांगायची, हा दंडक खुद्द मास्तरांनी घालून दिला. यंदा पाळी माझी आहे.

शब्बाथ शाळा म्हणजे रविवारी सकाळी मुलांना देवाच्या गोष्टी शिकवायची शाळा. त्या काळी तिचे दोन वर्ग होते. मोठा वर्ग शलमोन मास्तरांचा. उरलीसुरली पोरं, म्हणजे ज्यांना वाचता येत नसे किंवा ज्यांची नाकं सदा वाहत असत, ती सगळी ठकूबाईकडे. ठकूबाई विधवा, मूलबाळ नाही. मंदिर झाडायची, पाणी भरायची. बाप्तिस्म्यात तिचं नाव दबोरा ठेवलं होतं, पण ते कोणाच्या जिभेला वळलंच नाही. अक्षर म्हणाल तर तिला एकही येत नव्हतं.

त्या वर्षी आमच्या ख्रिस्ती मंडळीने ठरवलं की मुलांना मिशनऱ्यांचा इतिहास शिकवायचा. प्रेषितांच्या काळापासून आजवर सुवार्तेसाठी घरदार सोडून परमुलखात गेलेली माणसं मुलांना कळायला हवीत. मास्तरांनी चाळीस मिशनऱ्यांची यादी केली. प्रत्येकाला नंबर, नाव, देश, जन्माचं साल, मरणाचं साल. मास्तरांची पोरं ती यादी पाढ्यासारखी घडाघड म्हणत.

ठकूबाईने या गोष्टी ऐकल्या होत्या एका म्हाताऱ्या मडमबाईंकडून, त्यांच्या आजारपणात त्यांचे पाय चेपताना. त्या तिच्या डोक्यात जशा साठल्या तशा ती सांगायची. एकदा मास्तर खिडकीशी उभे राहून ऐकत होते.

"मंग त्यो साहेब बैलगाडीत बसला आन् बर्फाच्या मुलखाला निघाला," ठकूबाई म्हणाली.

"अहो ठकूबाई! बर्फात बैलगाडी?"

"मंग काय जुपत्यात तितं, मास्तर?"

"कुत्रे!"

मास्तर थट्टा करतात असं वाटून ती पोट धरून हसली. मास्तर मात्र भडकले. खरं बोलूनही हसू झालेल्या माणसाचा राग फार वाईट असतो.

तिच्या वर्गाची एक रीत होती. गोष्ट ऐकली की ती करायची. आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या बाईची गोष्ट झाली, की पोरं आंधळ्या रत्नाक्काचं अंगण झाडून तिचं डोकं विंचरून येत. परक्या लोकांची भाषा शिकणाऱ्या साहेबांची गोष्ट झाली, तेव्हा सगळा वर्ग पारध्यांच्या पालावर गेला आणि त्यांच्या बोलीतले दहा शब्द शिकून आला. मास्तरांनी कपाळावर हात मारला. "ही काय शाळा म्हणायची? उकिरडे फुंकायला शिकवते ती पोरांना," असं ते चारचौघांत म्हणत, आणि लोक हसत. लोक म्हणजे आपलेच वाडवडील बरं का.

शेवटी मास्तरांनी मंडळीच्या पंचांपुढे विषय काढला. कापणीच्या सणाला बाबांच्या समोर दोन्ही वर्गांची परीक्षा घ्यावी. ठकूबाईच्या पोरांना दहा मिशनऱ्यांची नावंही सांगता आली नाहीत, तर तिचा वर्ग काढून घ्यावा. पंचांनी मान डोलावली. ठकूबाईला हे कळलं. त्या आठवड्यात तिच्या चुलीला जाळ नव्हता, असं शेजारणीने नंतर सांगितलं. आठवड्याचे सहा दिवस ती दुसऱ्यांची होती. रविवार तेवढा तिचा. तो गेला की तिच्यापाशी काय उरणार होतं?

त्या साली पावसाने दगा दिला होता. कापणी नावालाच होती आणि वस्तीची विहीर तळाला गेली होती. सणाला ऐंशी माणसं जमली. त्यांच्यासाठी नदीतल्या झिऱ्यातून, दीड कोसावरून, ठकूबाईने तीन घागरी आणल्या होत्या. उपासना संपेपर्यंत दोन रिकाम्या झाल्या. तिसरी जेवणाच्या वेळेसाठी झाकून ठेवली होती.

परीक्षा अंगणातच सुरू झाली. बाबा चिंचेखाली डोळे मिटून बसले होते. मास्तरांची नऊ वर्षांची मुलगी इस्तेर उभी राहिली. तीच माझी आजी. तिने चाळीस नावं एका दमात म्हटली. सतराव्या नंबरला ती जरा थांबून, शिकवल्याप्रमाणे छातीवर हात ठेवून म्हणाली, "यांनी बेटावरच्या महारोग्यांच्या जखमा आपल्या हातांनी धुतल्या." मंडळी वाहवा म्हणाली. मास्तरांची मान ताठ झाली.

मग ठकूबाईची पोरं. मास्तरांनी जनी नावाच्या मुलीला पुढे बोलावलं.

"हं. महारोग्यांच्या जखमा कोणी धुतल्या?"

"सायबानं," जनी म्हणाली.

"नाव?"

"सायबच."

"गाव कोणतं त्यांचं?"

"लांबचं हाय."

अंगणभर हशा उसळला. जनीला वाटलं आपण काहीतरी छान बोललो, म्हणून तीही हसली. ते पाहून ठकूबाई उठली.

"पोरांस्नी हसू नगासा, मास्तर. त्यांची चूक न्हाई. मला सोताला येत न्हाई, तर म्या शिकवू काय? घ्या वर्ग तुमचा."

एवढं बोलून तिने पदरात तोंड लपवलं. पंच एकमेकांकडे पाहू लागले. बाबांनी डोळे उघडले नव्हते.

तेवढ्यात बाभळीच्या कुंपणापलीकडून आवाज आला, "कुनी वाईच पानी घालता का?"

कुंपणाशी एक महारोगी उभा होता. बोटं झडलेली, नाक बसलेलं, दोन्ही पायांना चिंध्या गुंडाळलेल्या. जमलेल्या बायांनी पोरं पोटाशी ओढली. मास्तरांच्या वर्गातली मुलं उठून मंदिराच्या दाराकडे पळाली. ठकूबाईची पोरं मात्र, कोणी न सांगता, घागरीकडे गेली. दोघांनी घागर उचलली, जनीने तांब्या घेतला. त्या माणसाने दोन थोटे हात जोडून ओंजळ केली आणि तो प्यायला. मग जनी खाली बसली आणि त्याच्या एका पायाच्या चिंध्या सोडू लागली. पाय धुळीने आणि पुवाने माखला होता.

"ए! लांब हो तिथून!" मास्तर त्या महारोग्यावर ओरडले. "पोरांनो, घागर ठेवा! मंडळीचं पाणी आहे ते!"

त्यांचा आवाज फाटला होता. लोकांना वाटलं, पाण्यासाठी इतका जीव तुटतो आहे. पोरांनी मात्र सुरू केलेलं काम सोडलं नाही. एक पाय स्वच्छ झाला आणि घागर संपली. जनीने ती पालथी करून पाहिली. थेंब नव्हता.

दारातून इस्तेरने आपल्या वडिलांना विचारलं, "बाबा, आपले सतरावे मिशनरी महारोग्यांना हात लावायचे ना? मग तुम्ही याला लांब हो का म्हणालात?"

तिने कुरापत काढली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. आजी सांगायची, त्या वेळी वडिलांचा चेहरा पाहून तिला वाटलं की त्यांना भोवळ येते आहे.

तेव्हा शांतवनबाबांनी डोळे उघडले. ते उठून कुंपणापाशी गेले आणि त्या माणसाला त्यांनी हाताला धरून अंगणात आणलं, चिंचेखाली आपल्याच जागेवर बसवलं.

"दादा, नाव काय तुमचं?" बाबांनी विचारलं.

तो माणूस क्षणभर मास्तरांकडे पाहत राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "मला नाव न्हाई, महाराज. आश्रमात नंबर हाय, त्यो चालंल."

बाबा वळले. "मास्तर, चाळीस नावं तोंडपाठ आहेत तुम्हाला. एवढं एक सांगा."

आता लेकरांनो, जे अंगणात एकट्या मास्तरांना ठाऊक होतं ते ऐका. तो माणूस मास्तरांचा सख्खा थोरला भाऊ होता, हनोख. आईबाप पटकीत गेल्यावर याच भावाने लोकांची गुरं वळून शलमोनला शिकवलं, ओढ्याला पाणी असलं की खांद्यावर बसवून शाळेत पोचवलं. पुढे हनोखच्या अंगावर चट्टे उठले. मास्तरांनी त्याला पहाटेच महारोग्यांच्या दूरच्या आश्रमात नेऊन सोडलं आणि परत येऊन सांगितलं की सोलापुरात दादा तापाने गेला. मंडळीने त्याच्यासाठी प्रार्थना केली, मरणाची गीतं गाइली. मास्तरांच्या डोळ्यांना त्या दिवशी पाणीही आलं होतं. त्याला सात वर्षं झाली होती. पुतणी सणाला सगळ्यांपुढे बोलणार आहे असं कोणाकडून तरी हनोखला कळलं आणि कुंपणाआडून तिचा आवाज ऐकावा म्हणून तो चार दिवस चालत आला होता. ओरडायचंही त्याच्या मनात नव्हतं. तहानेने जीव कासावीस झाला म्हणून त्याने तोंड उघडलं.

मास्तरांना वाटलं, धरणी दुभंगावी आणि तिने पोटात घ्यावं. त्यांनी तोंड फिरवलं.

बाबा रागावले नाहीत. "आठवेल सावकाश," ते म्हणाले. "तोवर ठकूबाई, मंडळीला पाणी द्या. ऊन चढलंय."

"बाबा, घागर रिकामी हाय वो. पोरीनं पालथी घातली."

"उचला तर खरी."

ठकूबाईने घागर उचलायला हात घातला आणि ती उचलेना! इतकी जड. जनी धावली, दोघींनी मिळून ती कलती केली आणि तांब्यात पाणी पडलं, झिऱ्याचं असतं तसं गार, नितळ. काय बोलावं! पहिला तांब्या पंचांना दिला, मग बायांना, मग पोरांना, मग कुंपणाबाहेर गोळा झालेल्या गावकऱ्यांना. ऐंशी माणसं पोटभर प्याली आणि घागर होती तेवढीच जड राहिली. ज्यांनी ठकूबाईला हसून घेतलं होतं त्यांना तिच्या हातून तांब्या घेताना तिच्याकडे बघवेना. कित्येकांनी पाणी पिऊन तोंडही पुसलं नाही, तसेच खाली बघत बसले.

सगळ्यांत शेवटी मास्तर उरले. ठकूबाईने तांब्या पुढे केला. बाबांनी तो मधेच धरला आणि घागर उचलून मास्तरांच्या पायाशी ठेवली.

"मास्तर," बाबा हळूच म्हणाले, "एक पाय राहिलाय."

मास्तरांनी घागर उचलली. पंधरा पावलांची वाट. पण आजी म्हणायची, माझे वडील त्या वाटेने म्हातारे होऊन गेले. ते गुडघ्यांवर बसले. दुसऱ्या पायाच्या चिंध्या त्यांनी आपल्या हातांनी सोडल्या, पाणी ओतलं, जखमेतली माती बोटांनी काढली. आणि मग ते मोठ्याने बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असे.

"हे हनोख. माझे थोरले भाऊ. हे मेले नव्हते. मी खोटं बोललो. तुम्हा सगळ्यांना खोटी गीतं गायला लावली मी. मला या दादांची लाज वाटत होती."

मागे कोणीतरी हुंदका दिला. हनोखच्या बरोबरीचे म्हातारे पंच होते, ते तोंड झाकून रडत होते.

"ठकूबाई," मास्तर वळून म्हणाले, "वर्ग तुमचाच. माझी पोरंही तुमच्याकडेच बसवा. नावं मी शिकवीन, पण तुमच्या मागून."

पोरं दर वर्षी विचारतात, मग हनोखदादा बरे झाले का? नाही झाले. खोटं कशाला सांगू? ते सहा वर्षं मास्तरांच्या घरात राहिले, परसातल्या गोठ्यात नाही, माजघरात. आणि ठकूबाईचा वर्ग दर रविवारी त्यांचे पाय धुवायला जात असे. सोयरे तुटले, तेही मास्तरांनी सोसलं.

पण त्या दिवशीचं राहिलं. पाय धुऊन झाल्यावर मास्तरांनी आपलं कपाळ त्या ओल्या पायांवर टेकलं. हनोखनी घाबरून हात मागे घेतले, तर मास्तरांनी ते दोन्ही थोटे हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवले आणि तसेच पडून राहिले. बाबा, ठकूबाई, सगळी मंडळी उभी होती. इस्तेर दारातून धावत पुढे आली होती.

"शलू, ऊठ आता," हनोख म्हणाले. "पोरगी बघती."

"बघू दे, दादा," मास्तर म्हणाले. त्यांनी डोकं उचललं नाही.