विहिरीवरच्या बाभळीतली शाळा

माणसांच्या शाळा निघाल्या त्याच्याही आधी, विहिरीवरच्या एका बाभळीत सुगरणबाई घरटी विणायला शिकवत. जातपात न बघता सगळ्या पाखरांना शिकवीन, असं त्यांनी रानभर सांगितलं होतं. म्हणून काजळी नावाची कावळ्याची पोर आली आणि सगळ्यांच्या मागे बसून शिकली.

परीक्षेत तिचंच घरटं सगळ्यांत घट्ट निघालं. बाई चपापल्या.

"कुणाचं चोरलंस हे?"

"मीच विणलं, बाई."

"मग विण आमच्यासमोर."

काजळीनं चोचीत गवताचं पातं धरलं आणि सगळ्यांच्या देखत पुन्हा तसंच घरटं विणलं.

"कुणी शिकवलं तुला?" बाईंनी विचारलं.

"तुम्हीच की, बाई."

दुसऱ्या दिवसापासून शाळा फांदीच्या अगदी टोकावर भरू लागली. तिथली काटकी सुगरणीपुरतंच वजन पेलायची. काजळी बसली की काटकी वाकून थेट विहिरीच्या पाण्याला टेकायची.

"बाई, तुम्ही तर सगळ्यांना शिकवणार होतात," भिजलेली काजळी म्हणाली.

त्या घरट्याच्या धक्क्यातून बाई अजून सावरल्या नव्हत्या.

"शिकवीन म्हणाले होते गं," त्या म्हणाल्या, "पण तुला येईल असं कुठं वाटलं होतं?"