सातपासून सातपर्यंत

एका गावात एक भोळा केरबा होता. अगदीच अडाणी नव्हता, बारावी झाला होता. अडाणी असता तर एवढं नुकसान झालं नसतं.

गावाबाहेर ज्वारीचं संशोधन केंद्र. तिथं मोहोळकर बाई. त्या साली बाईंच्या रानात काणी पडली, कणसं काळी करणारा रोग. ओळीच्या ओळी काळ्या. सातवी ओळ तेवढी स्वच्छ राहिली. रोग न धरणारं बियाणं करायचं तर ह्याच ओळीचं. बाईंचा सगळा जीव त्या ओळीत.

आता ज्वारीच्या दाण्यात म्हणे अक्षरांच्या लांबच लांब दोऱ्या असतात. गुण असतो तो दोरीच्या एखाद्या तुकड्यात. ह्या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत, असं सांगून तो तुकडा कम्प्युटरातून काढतात. मी दोरी बघितलेली नाही. बाई म्हणतात आहे, तर असेल.

हे तुकडे काढायला बाईंनी केरबाला ठेवला. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, काणी न धरण्याचा गुण आहे तो तुकडा काढ. केरबानं अख्खी दोरी ओढली. कम्प्युटर दुपारपर्यंत घरघरला आणि मेला.

"अरे, आधी विचारावं, कुठून कुठपर्यंत," बाई म्हणाल्या. "विचारल्याशिवाय हात लावू नये."

"बरं बाई," केरबा म्हणाला. आणि ध्यानात ठेवलं.

घरी गेला तर आई बोंबलत आली, बैल विहिरीत पडला म्हणून. केरबा जागचा हलला नाही.

"कुठून कुठपर्यंत?"

गावानं दोर लावून बैल काढला. केरबा काठावर उभा, उत्तराची वाट बघत.

मग बाईंनी तुकड्यांचा ढीग दिला. एकाचं टोक दुसऱ्यावर चढलेलं. केरबा प्रत्येक तुकड्याला बाईंना विचारत बसला, कुठून कुठपर्यंत. बाई वैतागल्या. टोक टोकावर चढलं की दोन्ही जोडून एक करायचे, त्यात विचारायचं काय, म्हणाल्या.

"बरं बाई."

घरी शेजारच्या दगडूअण्णाची कडब्याची गंजी ह्यांच्या गंजीवर कलली होती. केरबानं दोन्ही उपसल्या आणि मधोमध एक गंजी रचली. अण्णा कुऱ्हाड घेऊन आला.

"अण्णा, टोक चढलं होतं," केरबा म्हणाला.

तेव्हापासून दोन्ही घरची जनावरं एका गंजीला तोंड लावतात, आणि माणसं एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

पुढं केरबाचा प्रत्येक तुकडा एका अक्षरानं लांब निघायला लागला. बाईंनी समजावलं, की आपला कम्प्युटर सुरुवात धरतो, शेवटचा आकडा धरत नाही. त्याच्या अलीकडं थांबायचं. आमच्या वेळी असं मोजून कुणी पोती दिली असती तर बाजारात चपला खाल्ल्या असत्या. पण शिकलेल्यांची रीत.

"बरं बाई."

कापणी आली आणि बाईंना शहरात जावं लागलं. तिथून फोन केला. सातवी ओळ राखायची, बाकी सगळं कापून ढोरांना घाल. राखलंय तिथं पाखरू बसता कामा नये.

केरबा शिकलेला गडी. "बाई, कुठून कुठपर्यंत?"

बाई घाईत होत्या. "सातपासून सातपर्यंत, बाबा." फोन ठेवला.

बाई परत आल्या त्या थेट रानात. रान सपाट. मध्ये माळ्यावर केरबा, हातात गोफण, ओरडून ओरडून घसा बसलेला.

"केरबा, सातवी ओळ कुठंय?"

"कापली. बैलानं खाल्ली." तोच बैल, विहिरीतला.

बाई बांधावर बसल्या. का रे, एवढंच विचारलं.

"सुरुवात सात. शेवट सात. शेवटचा धरायचा नाही. मग मध्ये काय उरतं, बाई?"

"काही नाही," बाई म्हणाल्या.

"तेवढं राखलंय," केरबा म्हणाला. "एक पाखरू बसू दिलं नाही."