भुंगेऱ्याच्या मिशा

माणसं दारांना कड्या लावायला शिकली, त्याच्याही फार आधी एका वारुळाच्या दारात आवडाआक्का नावाची म्हातारी मुंगी पहारा करायची. येणाऱ्याने मिशीला मिशी लावायची आणि आत जायचं, एवढीच तिथली रीत. धोका दिसला की आक्का एक उग्र वास सोडायची. मिशांना तो लागला की अख्खं वारूळ धावून यायचं.

एक दिवस दारात एक भुंगेरा आला. त्याने एका मेलेल्या मुंगीच्या मिशा डोक्याला चिकटवल्या होत्या. आक्काने मिशी लावून पाहिली. मिशी मुंगीचीच होती! तिने त्याला आत सोडलं खरं, पण तिच्या मनात पाल चुकचुकली.

आत गेल्यावर भुंगेऱ्याने त्या चिकटवलेल्या मिशा पिंजून पंख्यासारख्या रुंद केल्या. मग रोज अंडी नाहीशी होऊ लागली. आक्का वास सोडायची, पण कुणी जागचं हलायचं नाही.

"हा आल्यापासून कसं शांत वाटतं, नाही?" मुंग्या म्हणायच्या.

"जरा जास्तच शांत वाटतंय," आक्का पुटपुटायची.

ती त्याच्या मागावर राहिली. एकदा त्याच्या अगदी जवळ जाऊन तिने वास सोडला. भुंगेऱ्याने मिशा पसरल्या आणि सगळा वास पिऊन टाकला.

"आक्का, मी तुमच्यातलाच की," तो हसला.

"मिशा आमच्यातल्या. तू नाहीस," असं म्हणत आक्काने त्या मुळापासून कुरतडल्या आणि पुन्हा वास सोडला.

क्षणात वारूळ धावून आलं. भुंगेऱ्याच्या पायाशी अर्धं खाल्लेलं अंडं पडलं होतं.

"आक्का, आधी का नाही गं सांगितलंस?"

"रोज सांगत होते."