सगुणा परटीण आणि राजाचा अंगरखा

एक होता राजा, आणि त्याला होती मोठं म्हणवून घ्यायची भारी हौस. त्याने काय केलं, दवंडी पिटली. पीक बुडालंय, तर राज्यात कुणी तूप खायचं नाही, गोड खायचं नाही. खाल्लं तर कोठडी! स्वतः रोज दरबारात बसून सगळ्यांदेखत कोरडी भाकरी मोडायचा. लोक म्हणायचे, काय बाई आमचा राजा, साधूच!

नदीकाठी राहायची सगुणा परटीण. राजवाड्याचे कपडे तीच धुवायची. तिची सून तानू नुकतीच बाळंत झालेली. बाळंतिणीला ताकद नको का? मग सगुणाने गुपचूप डिंकाचे लाडू वळले. पण तुपाचा वास लपतो होय! शिपाई दारात हजर. "कुणी केले लाडू?"

सगुणाची बोबडीच वळली. म्हणाली, "मला बाई काही ठाऊक नाही."

शिपाई म्हणाले, "मग हे बाळंतिणीचंच काम!" आणि तानूला तान्ह्या बाळासकट कोठडीत नेलं.

सगुणा रडत धुणं घेऊन नदीवर गेली. त्यात निघाला राजाचा घरात घालायचा अंगरखा, आणि पोटावर हा एवढा तुपाचा डाग! "अगं बया! मेला चारचौघांत भाकरी मोडतो आणि आत बसून तूप चापतो!" रिठ्याने घासला, डाग जाईना. खाऱ्या मातीने घासला, जाईना. मग दगडावर असा आपटला, तसा अंगरखाच बोलला बरं का! "अगं, जरा हळू! दोघांचं खोटं धरून बसलोय मी. खरं बोलल्याशिवाय डाग जायचा नाही."

"मग राजालाच बोलायला लावते."

"आधी तू बोल."

सगुणाने अंगरखा पिळून खांद्यावर टाकला. मग पदर खोचला आणि तडक दरबारात.

"महाराज, लाडू मी वळले. भिऊन खोटं बोलले. मला कोंडा, पोरीला सोडा." असं म्हणून तिने अंगरखा उलगडला, तर सगळ्यांदेखत निम्मा डाग गेला! "माझा गेला. उरलेला कुणाचा?"

राजा आपला छताकडे बघतोय. प्रधान ओरडला, "हाकला हिला!" सगुणाने तिथेच मांडी ठोकली. पुन्हा विचारलं, "कुणाचा?" शिपाई ओढायला आले, ही हलेल तर शपथ! तिसऱ्यांदा विचारलं, तशी राजाच्या हातातली भाकरी गळून पडली. खालमानेने म्हणाला, "माझा गं बाई." डाग साफ!

मग राजाने दवंडी मागे घेतली आणि स्वतः जाऊन कोठडीचं कुलूप काढलं. पण खरं सांगू? राजापुढे बोलणं सोपं होतं. तानूपुढे सगुणाला मान वर करवेना. "मी भ्याले गं. तुला पुढे केलं."

तानू म्हणाली, "फार राग आलाय मला, आत्याबाई. धरा तुमच्या नातवाला, हात अवघडलेत माझे."

सगुणाने बाळ छातीशी घेतलं आणि ती सगळी घरी गेली, सुखाने राहिली. चला, मिटा डोळे. खरे मिटा हं, सोंग नको. पापण्या हलताहेत कुणाच्या तरी!