मॅनिफोल्डची सैल भोकं

‘एकदा एक वस्ताद होता’ अशी सुरुवात करायची रीत आहे. पण हे वस्ताद अजून आहेत, म्हणून मी ‘होता’ म्हणणार नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, जिथं दिवसभर लेथ घरघरत असतात अशा एका बोळात त्यांचं वर्कशॉप आहे. वय पंच्याहत्तरीच्या पुढं. इंजिन चालू केलं की डोळे मिटून ऐकायचं आणि दोष सांगायचा, अशी त्यांची ख्याती. कोणी म्हणेल, दृष्टांतकथेत मोटारीचं इंजिन कशाला? का नको? ज्ञानी माणसं काय फक्त वडाखालीच बसतात? काही ऑइलनं काळ्या झालेल्या बाकड्यावरही बसतात, आणि त्यांच्याकडून शिकायचं तर आपली धोतरं जरा मळतात, एवढंच.

त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं एक शिष्य होता. कोवळा नव्हे, चाळिशीला टेकलेला. हाताचा इतका पक्का, की त्यानं बसवलेल्या भागात केसाएवढी फट सापडायची नाही, आणि दुसऱ्यानं ठेवलेली फट त्याला सहन व्हायची नाही. त्याला एक धाकटा भाऊ. आईबाप वर्षभराच्या अंतरानं गेले तेव्हा धाकटा आठ वर्षांचा. शिष्यानं लग्न केलं नाही, हौसमौज केली नाही, भावाला तळहातावरच्या फोडासारखा जपला. जपला म्हणजे काय केलं? उठायची वेळ, जेवायची वेळ, मित्र कोण असावा, केस किती वाढवावे, सगळं आखून दिलं. धाकटा गुणी. त्यानं कधी हू की चू केलं नाही. गल्लीतल्या आया आपल्या पोरांना त्याचं उदाहरण द्यायच्या.

गाडी चालवण्यात धाकट्याचा हात मात्र विलक्षण होता. घाटातल्या चढाईच्या शर्यतीत दोन वर्षं तो दुसरा आला. शिष्याच्या मनात एकच ध्यास उरला, की आपल्या भावाचा पहिला नंबर यावा आणि आपण त्याचं सोनं केलं हे गेलेल्या आईबापांनी पाहावं. गेल्या वर्षी चौथ्या वळणावर गाडी कठड्याला घासत जाऊन थांबली. पलीकडे दरी. शिष्य धावत पोचला, त्यानं आधी गाडीचं पुढचं चाक पाहिलं, आणि मग भावाला विचारलं, की वळणावर तू तिसऱ्या गिअरमध्ये कसा काय होतास. मी हे मुद्दाम सांगतो आहे, कारण तिथं उभ्या असलेल्या शंभर माणसांपैकी एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मीही असतो तर मला दिसलं असतं का, याची मला खात्री नाही.

यंदा शिष्यानं ठरवलं, की गाडीला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून जोर वाढवणारा पंखा, बसवायचा. ज्यांना इंजिनातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार सिलिंडरांतला जळलेला वायू चार तोंडांनी बाहेर पडतो. ती चार तोंडं एकत्र आणून तो सगळा धगधगता वायू टर्बोच्या पंख्यावर सोडणारा जो लोखंडी भाग, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. कंपनीनं दिलेला मॅनिफोल्ड टर्बोसाठी नसतोच, त्यामुळं तो बाजारातून निवडून आणावा लागतो. आणि निवड कठीण. एक असतो बिडाचा: जड, ओबडधोबड, वायूला कोंडून ठेवणारा, पण सोशिक. दुसरा असतो पोलादी नळ्यांचा: हलका, देखणा, चारही नळ्या सारख्या लांबीच्या, वायूला मोकळी वाट देणारा, पण नळ्यांचा पत्रा पातळ आणि टर्बोचं ओझं त्याच्याच मानेवर.

शिष्यानं महिनाभर डोकं खाजवलं. ज्याला त्याला विचारलं. बिडाचा घेतला तर शर्यत हातची जाईल, नळ्यांचा घेतला तर तडा जाईल. वस्तादांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ते म्हणाले की तुझं तू बघ. शेवटी त्यानं नळ्यांचाच आणला, कारण त्याला पहिला नंबर हवा होता.

पेटी उघडल्यावर त्याचं तोंड कडू झालं. मॅनिफोल्ड ज्या जाड प्लेटनं इंजिनाच्या डोक्याला, म्हणजे हेडाला, आवळला जातो, तिच्यातली सगळी भोकं सैल होती. बोल्ट आत घातला की लुडबुडायचा. काय हे काम, असं म्हणून बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून तो कामाला लागला. आठ दिवस खपून त्यानं दहाही भोकांसाठी बुश, म्हणजे भोक अरुंद करणाऱ्या पोलादी कड्या, तयार केले आणि एकेक भोकात ठोकून बसवला. आता बोल्ट असा जाई, की आत हवासुद्धा उरू नये. अकरा वर्षांत वस्तादांच्या तोंडून त्यानं ‘शाब्बास’ ऐकलं नव्हतं. आज ऐकायला मिळेल, अशा आशेनं त्यानं तो मॅनिफोल्ड पुसून त्यांच्यापुढं बाकड्यावर ठेवला.

वस्तादांनी चष्मा चढवला. प्रत्येक भोकात करंगळी फिरवली. मग ते उठले, हातोडी आणि ठोकायचा लोखंडी सुंबा घेऊन आले, आणि त्यांनी एकेक बुश ठोकून बाहेर पाडायला सुरुवात केली. मधले दोन ठेवले, बाकी आठ जमिनीवर. एवढ्यानं भागलं नाही. त्यांनी प्लेट बाकड्यावरच्या व्हाइसच्या जबड्यात पकडली, लोखंड कापायचा हॅक्सॉ घेतला, आणि दोन तोंडांच्या मधून ती अखंड प्लेट कापली. मग दुसऱ्या जागी कापली. मग तिसऱ्या. मधे दोनदा ते दम खायला थांबले, पण कुणाला हात लावू दिला नाही. शेजारच्या लेथवरचा माणूस काम बंद करून पाहत राहिला.

“आठ दिवस घातले हो मी यात,” शिष्य म्हणाला. “वस्ताद, हे काय केलंसा?”

वस्तादांनी हॅक्सॉ खाली ठेवला आणि त्याला समोरच्या स्टुलावर बसवलं.

“गार असताना सगळंच बसतंय,” ते म्हणाले. “तू गार माप घेतलंस. इंजिनाच्या हेडात पाणी फिरतंय, ते बेतानंच तापणार. हा मॅनिफोल्ड घाटात लालबुंद होणार. तापलं की लोखंड वाढतंय, ते तुझं ऐकत न्हाई. वाढायला जागा मिळाली तर वाढंल आणि गार झाल्यावर परत जागेवर येईल. जागा न्हाई मिळाली तर बोल्ट तोडंल, न्हाईतर स्वतः फाटंल. बनवणाऱ्यानं भोकं सैल ठेवली ती आळसानं न्हवं. धरायला मधली दोन घट्ट पुरेत, आणि प्लेट कापली ती चारी तोंडांना आपापलं वाढता यावं म्हणून. तू महिनाभर मला विचारत हुतास, बिडाचा का नळ्यांचा. कुठलाही घे. जागा ठेवलीस तर दोन्ही टिकतील. तडा लोखंडानं जात न्हाई रं, आपल्या घट्टपणानं जातो.”

इथं ही कथा संपली असती तर मी ती आनंदानं व्याख्यानात सांगितली असती, आणि तुम्ही माना डोलावून चहाला उठला असता. पण वस्ताद बोलायचे थांबले नाहीत.

शिष्याला ठाऊक नसलेली गोष्ट त्यांनी सांगितली. त्याच बाकड्यावर पूर्वी त्यांचा मुलगा काम करायचा, जयसिंग. बापापेक्षा हात चांगला. वस्तादांनी त्याला अशी शिस्त लावली, की त्याच्या चुकीला जागा नाही, उशिराला नाही, थट्टेला नाही, आजारपणालासुद्धा नाही. केलेलं काम उत्तम झालं तरी त्यात काय खोट राहिली तेवढंच सांगायचं, म्हणजे पोर चढून जात नाही, असा त्यांचा हिशेब. एका दुपारी जयसिंगनं हत्यारं पुसून जागच्या जागी लावली, हात धुतले आणि बाहेर गेला. बाप समजला चहाला गेला. त्याला सतरा वर्षं झाली. वस्ताद पार गुजरातेत वापीला शोधून आले, हालोलला शोधून आले, जिथं जिथं फिटर लागतात तिथं जाऊन आले.

“त्यो जित्ता हाय का न्हाई, हेसुद्धा मला ठावं न्हाई,” वस्ताद म्हणाले. “लोक मला ज्ञानी म्हणत्यात. अरे, हे ज्ञान पोर घालवून आलंय. त्याचा काय उपयोग?”

शिष्य खाली मान घालून बसला. म्हाताऱ्याच्या दुःखानं त्याला भरून आलं होतं, आणि अजूनही त्याला वाटत होतं की ही गोष्ट म्हाताऱ्याचीच आहे.

तेव्हा वस्तादांनी सांगितलं, की आज सकाळी धाकटा इथं येऊन गेला. बराच वेळ दारात उभा होता. मग म्हणाला, की गेल्या वर्षीच्या त्या वळणानंतर गाडीत बसलं की हात बधिर होतात, स्टिअरिंग धरलंय की नाही तेही कळत नाही. शर्यत नको वाटते. गाडीच नको वाटते. वस्तादांनी विचारलं, भावाला सांगितलंस का. त्यावर धाकटा नुसता हसला आणि म्हणाला, तुम्हीच सांगा.

“मी हो म्हटलं,” वस्ताद म्हणाले. “आणि दुपारपर्यंत मला शब्द सापडंनात. असलं बोलायची माझ्या तोंडाला कधी सवयच न्हवती. म्हणून हातोडी घेतली.”

शिष्य उठला आणि घरी गेला. वाटेत त्यानं बोलायचं सगळं ठरवलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला थोडं हलकंही वाटत होतं. वेळेवर कळलं म्हणायचं, वस्तादांसारखं आपलं झालं नाही. अजून मॅनिफोल्ड बसलेला नाही, शर्यत तीन आठवडे दूर आहे, भाऊ घरात आहे.

धाकटा खिडकीशी बसला होता. दादा आत येताच तो उठून उभा राहिला.

शिष्य म्हणाला की बस, आणि मग म्हणाला की यंदा शर्यतीला जायचं की नाही ते तू ठरव, तुला नको असेल तर नको. धाकट्याचा चेहरा उतरला.

“माझं काही चुकलं का, दादा?”

शिष्यानं जिवाच्या आकांतानं सांगितलं की नाही, काही चुकलं नाही, मला फक्त तुझ्या मनातलं ऐकायचं आहे. धाकटा म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. शिष्य म्हणाला, मी काहीच म्हणत नाही, तुला काय वाटतं? धाकटा बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. परीक्षेत न शिकवलेला प्रश्न यावा आणि मुलानं पर्यवेक्षकाच्या चेहऱ्यावर उत्तर शोधावं, तसं त्याचं चाललं होतं. शेवटी त्याला वाटलं, की सापडलं.

“चालवायची की, दादा,” तो हसून म्हणाला. “मला आवडतं.”

मिस्त्री लोक मॅनिफोल्डवर बारीक हातोडी मारून पाहतात. धड असेल तर तो खणखणतो, आतून तडा गेला असेल तर बद्द आवाज येतो, वरून कितीही चकचकीत असो. शिष्यानं जन्मभर तो आवाज ऐकला होता. आता तो त्यानं आपल्याच घरात ऐकला. त्यानं पुन्हा विचारलं नाही, कारण पुन्हा विचारलं असतं तर धाकट्यानं आणखी मोठ्यानं हसून तेच सांगितलं असतं.

शर्यतीला गाडी गेली नाही. शिष्यानं भावाला सगळी मोकळीक दिली. तुला हवं तेव्हा ऊठ, हवं ते कर, हवं तिथं जा. पंचवीस वर्षांचा तो तरुण रोज सकाळी सहाला उठतो, अंघोळ करतो, भांग पाडतो, आणि दादापुढं येऊन उभा राहतो. मग आज मी काय करू, असं विचारतो. पहिले काही दिवस शिष्य म्हणाला, तुला वाटेल ते. त्या दिवसांत धाकटा संध्याकाळपर्यंत खिडकीशी बसून राहायचा, आणि दादा परतला की भीत भीत विचारायचा की आजचं बरोबर होतं ना. हे शिष्याला पाहवेना. आता तो सकाळी काहीतरी काम सांगतो, आणि धाकट्याचा जीव भांड्यात पडतो.

महिन्याभरानं शिष्य वस्तादांसमोर जाऊन बसला. त्यानं विचारलं, की भोकं तर सगळी मोकळी केली, आता पुढं काय करायचं?

वस्तादांनी चष्मा काढून बाकड्यावर ठेवला. मग म्हणाले, “ते मला ठावं असतं, तर जयसिंगच्या मागं जाताना त्याला सांगायला माझ्याजवळ काहीतरी असतं की रं.”

दोघं जण बाकड्याला पाठ टेकून बसले, आणि बोळातून लेथचा आवाज येत राहिला.

वाचकहो, ज्यांच्या घरात एखाद्यानं आजवर एकदाही ‘नाही’ म्हटलेलं नाही, त्यांनी त्याचा अभिमान बाळगू नये, घाबरावं.