मेंढीनं वाट सोडली नाही

मला गोष्ट सांगायची नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. सूनबाईनं चहाची कपबशी हातात धरून ठेवली आणि म्हणाली, "आधी पोरांना गोष्ट, मग चहा." म्हाताऱ्या माणसाचं घरात एवढंच चालतं. माझी शाळा दुसरीत सुटली, तेव्हा मोठे शब्द माझ्याकडे मागू नका. लहानांनी मांडी घालून बसावं. मोठ्यांनी मध्ये बोलू नये. चहा माझा निवतोय, तुमचा नाही.

तर खूप जुन्या काळी, तुमच्या पणजोबाचा पणजोबाही रांगत नव्हता तेव्हा, एका डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. त्या गावात एक विणकर राहायचा. घोंगड्या विणायचा. लोकरीचे धागे अंगणात खुंट्यांना ताणून बांधायचे, त्यांवर कुंच्यानं चिंचोक्याची खळ फिरवायची, उन्हात वाळवायचे आणि मग मागावर चढवायचे, असं त्याचं काम. हात चांगला होता. जीभ हाताहून चांगली होती. संध्याकाळी सगळं गाव त्याच्या ओट्यावर जमायचं आणि तो गोष्टी सांगायचा. त्याला मान होता तो घोंगड्यांपेक्षा गोष्टींचा. त्या मानाला कुणाचा नुसता वारा लागला तरी त्याच्या पोटात दुखायचं.

त्याचा थोरला भाऊ मेंढरं घेऊन डोंगरापलीकडे गेला होता. तो परत आला नव्हता. भावाची बायको, म्हणजे विणकराची वहिनी, शेजारच्याच खोपटात एकटी राहायची. दोघांचं अंगण एकच. त्या अंगणातून एक पायवाट निघून सरळ डोंगरातल्या खिंडीकडे जायची.

विणकराला धागे लांब ताणायला ती वाट हवी होती.

"वहिनी, वाटेवर खुंट्या ठोकतो."

"नको, भावजी. ती वाट मोकळी राहू द्या. हे त्याच वाटेनं गेलेत, त्याच वाटेनं येतील."

"अहो, आला दादा तर खुंट्यांना वळसा घालून येईल की."

"येणाऱ्याला लांबून दिसलं पाहिजे, घरची वाट उघडी आहे म्हणून."

विणकरानं पुन्हा विचारलं. रागावून विचारलं. बायकोला मध्ये घालून विचारलं. वहिनी ऐकेना. तेव्हा त्याला असा संताप आला की त्यानं तिच्यावर एक गोष्टच रचली. सरळ भांडण करायला छाती लागते. गोष्ट रचली की ओट्यावर बसून चिमटा काढता येतो.

गोष्ट अशी होती. खिंडीत एक मेंढरांचा कळप चरत होता. धुकं उतरलं. सगळी मेंढरं खाली निघाली. एक मेंढी मात्र वाटेच्या मधोमध उभी राहिली आणि गळ्यातली घंटा हलवत राहिली. वारा म्हणाला, "बाजूला हो." ती हलली नाही. पाऊस म्हणाला, "बाजूला हो." ती हलली नाही. मग लांडगा आला आणि म्हणाला, "बाई, वाट सोड." मेंढीनं वाट सोडली नाही.

संपली गोष्ट. पुढं लांडग्यानं काय केलं असेल ते शेंबड्या पोरालाही कळेल, असं विणकराला वाटलं. ती हेकट मेंढी कोण, तेही कळेल असं वाटलं. त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि लोक हसण्याची वाट बघत बसला.

कुणी हसलं नाही.

गावचा राखणदार डोळे पुसत उठला. "बरोबर आहे. नेमलेली जागा सोडून राखणदारानं हलायचंच नाही. लांडगा येवो, नाहीतर लांडग्याचा बाप." तेली म्हणाला, "मीही तेच म्हणतो! माझा बैल रस्त्यात असला की लोक उगाच ओरडतात. आता कुणालाच वाट सोडणार नाही." आणि वहिनी कोपऱ्यात बसली होती. जाताना तिनं विणकराला वाकून नमस्कार केला. थोरल्या वहिनीनं धाकट्या दिराला!

विणकराला वाटलं, वर्मी लागलं. म्हणून वाकली.

पण चार दिवसांत त्याच्या ओट्यावर जागा मोकळ्या दिसायला लागल्या. राखणदार येईना. तेली येईना. एका संध्याकाळी तो कुडाच्या आडून डोकावला, तर वहिनीच्या दारात ही गर्दी! ती मधोमध बसलेली, आणि सांगत होती त्याचीच गोष्ट.

"...सगळी मेंढरं खाली गेली. पण तिचं कोकरू मागं राहिलं होतं धुक्यात. घंटा थांबली तर त्याला घर कसं सापडणार? म्हणून ती उभी. लांडगा म्हणाला, बाई, वाट सोड. मेंढीनं वाट सोडली नाही."

इथं ती थांबायची आणि लोकांना विचारायची, "मग? काय वाटतं तुम्हाला, आलं असेल कोकरू?" मग सगळे एकदम बोलायला लागायचे. कुणी म्हणे आलं, कुणी म्हणे अजून चालत असेल. ज्याचं कुणी लांब गेलं होतं तो तिथं बसून राहायचा आणि हलका होऊन घरी जायचा.

विणकर घरी आला आणि कुंचा भिंतीवर फेकून मारला.

"कोकरू! माझ्या गोष्टीत कोकरू कुठंय? वाट सोडली नाही म्हणजे अडून बसली. वाट बघायची सोडली नाही, असं मी म्हटलंच नव्हतं!"

बायको भाकरी थापत होती. "शब्द तर तोच आहे."

"शब्द तोच असेल. अर्थ माझा आहे!"

"अहो, घोंगडी विकता तेव्हा गिऱ्हाइकाच्या मागं जाता का, अंगावरच घे, खाली अंथरू नको म्हणून सांगायला?"

"घोंगडीला लोकर मेंढरांची लागते. गोष्ट माझ्या पोटातून आलीय."

"पोटातून काय आलंय ते दिसतंय मला."

"काय?"

"जळजळ," बायको म्हणाली आणि भाकरी उलटली.

त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना. खळ फिरवताना कान कुडापलीकडे. तिकडून हसू आलं की धागा तुटायचा. आपली लेक सजूनधजून दुसऱ्याच्या घरी नांदतेय आणि आपल्याला ओळखही देत नाही, असं त्याला व्हायचं. गोष्ट त्याची, आणि माणसं डोळे पुसतात ती तिच्या दारात! तो गर्दीत घुसून ओरडायला लागला, "अर्थ असा नाही! अर्थ असा आहे!" लोक म्हणायचे, "बसा हो जरा, ऐकू द्या." त्याचीच गोष्ट त्यालाच ऐकू द्या म्हणायचे!

शेवटी तो पाटलाकडे गेला आणि त्यानं वहिनीलाही तिथं बोलावून घेतलं. पाटील दाढी करून घेत होता, त्याला घाई होती.

"गोष्ट कुणी रचली?" पाटलानं विचारलं.

"मी."

"मग अर्थ तुझा. मिटलं. बाई, तुला काही म्हणायचंय?"

वहिनी खाली मान घालून उभी होती. म्हणाली, "पाटील, मी गोष्ट चोरली नाही. भावजींचं नाव घेऊनच सांगते. मला त्यात जे ऐकू आलं ते सांगते."

"ऐकू आलं!" विणकर कडाडला. "मग आता नीट ऐका. ती मेंढी म्हणजे तुम्ही! अंगणातली वाट अडवून बसलेली हेकट बाई! तुम्हाला टोचायला रचली ती गोष्ट!"

न्हाव्याचा वस्तरा थांबला. पाटलानंही मान वळवली.

वहिनीनं पदर सारखा केला. अगदी हळू म्हणाली, "मला ठाऊक नव्हतं, भावजी. मला वाटलं, माझं दुःख कुणाला कळलं नाही ते तुम्हाला कळलं. म्हणून वाकले होते."

पण जिंकलेल्या माणसाला थांबता येत नाही. पाटलाचा हुकूम घेऊनच तो घरी आला. हुकूम असा: ही गोष्ट जो सांगेल त्यानं शेवटी विणकराचा अर्थ सांगायचा, आणि दुसरा कुठलाच सांगायचा नाही.

वहिनीनं गोष्ट सांगणं बंद केलं. दार लावून बसायला लागली. विणकरानं त्याच आठवड्यात वाटेवर खुंट्या ठोकल्या. ती बाहेर येऊन बघून गेली.

लोक विणकराच्या ओट्यावर परतले का? आले, थोडे दिवस. तो गोष्ट सांगायचा आणि शेवटी बोट उगारून म्हणायचा, "अर्थ: हेकटपणा वाईट." राखणदार म्हणाला, "हे आम्हाला गोष्टीशिवायही ठाऊक होतं." मग लोक गोष्ट गाळून नुसता अर्थच एकमेकांना सांगायला लागले, तेवढाच वेळ वाचायचा. मग अर्थही सांगेनासे झाले. पोरं जांभया द्यायला लागली. ओटा रिकामा झाला, तशी विणकरानंही ती गोष्ट सांगायची सोडली. अर्थ मात्र येता-जाता बायकोला ऐकवत राहिला.

वर्षं गेली. विणकराचे केस त्याच्या धाग्यांना लावायच्या खळीसारखे पांढरे झाले.

एकदा डोंगरापलीकडून लोकर विकणारे आले. संध्याकाळी ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "बाबा, तुमच्या गावची मेंढीची गोष्ट आमच्याकडे पोचलीय, पण अर्धीच. पुरी ऐकवता का? लोक म्हणतात फार नामी आहे."

विणकराच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानं बायकोला हाक मारून चूळ भरायला पाणी मागितलं. बैठक मारली. "एक मेंढी होती," तो म्हणाला.

आणि थांबला.

ती कुठं उभी होती? का उभी होती? आधी पाऊस आला की लांडगा? तिच्या गळ्यात काहीतरी होतं. काय होतं? त्यानं कपाळ चोळलं. डोक्यात सगळीकडे शोधलं. तिथं एकच वाक्य पडलं होतं, रिकाम्या कणगीत खडा पडून राहावा तसं.

"हेकटपणा वाईट," तो म्हणाला.

पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. "एवढीच?"

पाहुणे गेले. बायको काही बोलली नाही, म्हणजे तिनं मोठीच दया केली. मग तो उठला, आणि कुडाला वळसा घालून आयुष्यात पहिल्यांदा वहिनीच्या उंबऱ्याशी खाली बसला.

"वहिनी, ती मेंढीची गोष्ट सांगता का?"

वहिनी आता पुरती म्हातारी झाली होती. ती लोकर पिंजत होती. मान वर न करता म्हणाली, "कोणती सांगू, भावजी? तुमच्या मेंढीला शिव्या आहेत. माझ्या मेंढीला नाहीत."

"तुमची सांगा."

"पाटलाचा हुकूम आहे."

"पाटील मेला, वहिनी. आणि मीही अर्धा मेल्यासारखाच आहे. सांगा."

तिनं सांगितली. खिंड आली, धुकं आलं, कोकरू मागं राहिलं. गळ्यात घंटा होती. हो, घंटा होती! वारा आला, पाऊस आला. विणकर पुढं सरकत सरकत पार तिच्या गुडघ्याशी आला. लांडगा म्हणाला, बाई, वाट सोड.

"मेंढीनं वाट सोडली नाही," वहिनी म्हणाली.

"मग?" विणकरानं विचारलं. त्याचा आवाज पोरासारखा झाला होता. "कोकरू आलं का?"

वहिनीनं पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. "गोष्ट तुमची, भावजी. तुम्हीच सांगा."

लांडगा त्यानंच रचला होता. लांडग्याचे दात त्यानंच घासून ठेवले होते. पण आता काही केल्या तो लांडगा पुढं येईना. विणकरानं धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं आणि म्हणाला, "यायलाच हवं, वहिनी. एवढा वेळ उभी आहे ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावानं बघितलं, तर विणकर वाकून वाटेवरच्या खुंट्या उपटत होता. काही इतक्या खोल गेल्या होत्या की हात सोलवटले. संध्याकाळी वहिनीचं दार उघडं होतं आणि दारात गर्दी होती. विणकर सगळ्यांत मागं बसला होता. मध्ये बोलला नाही. एकदा तेल्याच्या पोरानं फारच वेडगळ अर्थ काढला तेव्हा त्याचा ओठ थरथरला, पण त्यानं तो चावून धरला.

भाऊ परत आला का? ते मला विचारू नका. वाट मोकळी झाली, एवढं मला ठाऊक आहे.

तात्पर्य एवढंच: गोष्ट सांगून झाली, की सांगणाऱ्यानं तिची वाट सोडावी.

झालं. आता चहा आणा. या गोष्टीचा ज्याला जो काढायचा तो अर्थ त्यानं खुशाल काढावा, माझी ना नाही. फक्त यातला तो जळका विणकर म्हणजे मीच, असं देवळाच्या पायरीवर बसून अख्ख्या गावाला सांगत सुटलेल्या माणसानं माझी माफी मागायची राहिली आहे. तो अर्थ चुकीचा आहे. त्या माणसाचं नाव केरबा गुरव.